बसलेली बाई, एक नग

संग्रहालयात तिला सगळे कापूसबाई म्हणत. नाव पडलं ते कामावरून. जुन्या वस्तूंची निगा राखायची, मोडलेलं सांधायचं, मळलेलं पुसायचं, हे तिचं काम. त्यासाठी बांबूच्या बारीक काडीला कापूस गुंडाळून ती दिवसभर कुणा देवाच्या कानात, नाहीतर पेटीच्या नक्षीत घालत बसायची. कापूस काळा झाला की टाकायचा, नवा गुंडाळायचा. सत्तावीस वर्षांत तिनं किती कापूस काळा केला याची गणती नव्हती. एकदा एक काजळलेलं चित्र ती आठ महिने पुसत होती आणि शेवटी कोपऱ्यातून एक कुत्रा निघाला. त्या कुत्र्याबद्दल ती स्वतःच्या पोटच्या पोरीपेक्षा जास्त कौतुकानं बोलायची, असं तिची पोरगीच म्हणायची.

या धंद्यात एक उघड गुपित आहे. नाजूक रंगावरचा मळ काढायला थुंकीसारखं दुसरं औषध नाही. कापूसबाई काडी आधी जिभेला लावायची, मग चित्राला. सासूबाईंना हे कळलं त्या दिवसापासून सुनेनं दिलेलं पाणी त्या आधी उजेडात धरायच्या आणि मगच प्यायच्या.

तिची खोली तळघरात होती. खिडकी एकच, तीही रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे बाहेरच्या जगाचे तिला फक्त पाय दिसत. टेबलावर दिवा, भिंग, खळीचं भांडं, टिपकागदांची चळत, आणि हवेतला दमटपणा मोजायचं एक यंत्र. ते यंत्र सोडलं तर तिच्याशी दिवसभर कुणी बोलत नसे. यंत्रही बोलत नसे म्हणा, पण निदान काटा तरी हलवायचं.

दर दहा वर्षांनी संग्रहालयाची मोजदाद व्हायची. वरच्या कार्यालयातून तपासनीस यायचे, रजिस्टरातली प्रत्येक नोंद आणि कपाटातली प्रत्येक वस्तू समोरासमोर उभी करायचे आणि बरोबरची खूण करायचे. त्या वर्षी नऊ हजार दोनशे बारा नोंदींपैकी नऊ हजार दोनशे अकरा सापडल्या. एक काही सापडेना; मागच्या मोजदादींत तिच्यापुढे न पाहताच खूण झाली होती. नोंद क्रमांक एक हजार सेहेचाळीस. संग्रहालय सुरू करणाऱ्यानं स्वतःच्या हातानं लिहिली होती: ‘बसलेली बाई. एक नग. उंची चार. रंग गव्हाळ. नाकाला किंचित धक्का. अवस्था बरी.’

‘चार काय?’ संचालकसाहेबांनी विचारलं. ‘फूट, वीत, की बोटं?’

‘नुसतंच चार,’ रजिस्टर सांभाळणारे काका म्हणाले. ‘पुढे शाईचा डाग पडलाय.’

तीन आठवडे शोध चालला. माळे रिकामे केले, खोकी उपसली, जिन्याखालची अडगळ बाहेर आली. त्यात एक हरवलेली ढाल मिळाली, आधीच्या संचालकांची छत्री मिळाली, पण बसलेली बाई काही मिळाली नाही. उभ्या बाया एकोणीस होत्या. पहुडलेल्या दोन होत्या. साहेबांनी एका पहुडलेलीला भिंतीला टेकवून पाहिलं, पण ती घसरली.

मोजदादीच्या शेवटच्या दिवशी कापूसबाई मोठ्या दालनात एका बुटक्या स्टुलावर बसली होती. तीन आठवडे धूळ खाऊन तिच्यात हात हलवायचंही त्राण उरलं नव्हतं. तपासनीस दालनात आले. हडकुळा, इस्त्रीच्या घडीसारखा माणूस, खिशात मोजपट्टी. ते तिच्यासमोर थांबले, रजिस्टरात पाहिलं, पुन्हा तिच्याकडे पाहिलं.

‘ही काय. आहे की.’

‘या आमच्या कापूसबाई,’ साहेब म्हणाले. ‘नोकरीत आहेत.’

‘बसलेल्या आहेत?’

‘सध्या... हो.’

‘बाई आहेत?’

‘अहो, पण जिवंत आहेत!’

तपासनीसांनी रजिस्टर डोळ्यांजवळ नेलं. ‘निर्जीव असं कुठं म्हटलंय?’

कापूसबाई उठायला गेली तसे ते ओरडले, ‘उठू नका! उठलात तर नोंद चुकेल.’ त्यांनी जमिनीपासून तिच्या डोक्यापर्यंत पट्टी लावली. स्टुलासकट बरोबर चार फूट भरले. रंग गव्हाळ होताच. नाकाला लहानपणी झोपाळ्यावरून पडल्याची खोच होती. तपासनीसांनी त्या खोचेकडे असं काही समाधानानं पाहिलं की लग्नाला अठ्ठावीस वर्षं होऊनही नवऱ्यानं तिच्या नाकाकडे तसं पाहिलेलं तिला आठवेना.

साहेब तिच्या कानाशी लागले. ‘बाई, एक नग कमी निघाला तर तुमची, माझी, काकांची, सगळ्यांची चौकशी लागेल. एक मिनिट बसा. मिनिटाचा तर प्रश्न आहे.’

ती बसली. तपासनीसांनी बरोबरची खूण केली, खाली सही ठोकली आणि ते चहा न घेताच गेले.

त्या मिनिटाचे सात महिने झाले.

दुसऱ्या दिवशी हजेरीपटावर सही करायला गेली तर हजेरीच्या कारकुनानं पट मागे ओढला. वस्तू सही करत नाहीत, असं तो म्हणाला. वर त्यानं वाईट वाटून घेऊ नका असंही सांगितलं, त्याला कुणाचं वाईट वाटलेलं चालत नसे. मग नियमाप्रमाणे तिच्या अंगावर नोंद क्रमांक घालायचं निघालं. क्रमांक दिसणार नाही अशा जागी, खाली रोगणाचा हात देऊन, बारीक कुंचल्यानं लिहायचा असतो. हे काम संग्रहालयात एकाच माणसाला येत होतं. तेव्हा कापूसबाईनं डावी टाच मांडीवर घेऊन स्वतःच स्वतःवर एक हजार सेहेचाळीस लिहिला. अक्षर सुरेख आलं. दुसऱ्या कुठल्या वस्तूवर असतं तर तिनं साहेबांना बोलावून दाखवलं असतं.

संध्याकाळी फाटकावर पहारेकऱ्यानं तिला अडवलं. संग्रहातली वस्तू आवाराबाहेर न्यायची तर उसनवारीचा अर्ज लागतो. नेणारा जबाबदार माणूस लागतो. निरोप गेला आणि तिचा नवरा आला. तो शाळेत भूमिती शिकवायचा. घरीदारी सगळे त्याला मास्तर म्हणत, आणि अर्ज दिसला की तो वाचल्याशिवाय त्याला अन्न गोड लागत नसे. अर्जातलं एक पान मात्र कोरंच होतं: वस्तू कशी ठेवावी याच्या अटी. त्या संग्रहालयाच्या निगा विभागानं भरायच्या. निगा विभाग म्हणजे कापूसबाई.

तिनं पहारेकऱ्याच्या टेबलावर बसून त्या लिहायला घेतल्या. मनात काही वाकडं नव्हतं. रंगवलेल्या लाकडी मूर्तीला लिहिते तशाच ती लिहीत गेली. वस्तू उन्हात ठेवू नये. हादरे, आदळआपट व मोठा आवाज टाळावा. वस्तूवर किंवा वस्तूच्या हातात ओझे देऊ नये. रोज आठ तास संपूर्ण अंधार व शांतता द्यावी. पाचवं कलम असतं धूर, वाफ आणि तेलकट हवेचं. तिथं तिचा हात थांबला. तिनं एकदा मास्तरांकडे पाहिलं. मग हात पुन्हा चालू लागला, आणि आता जरा जोरातच: ‘वस्तू स्वयंपाकघरापासून किमान दहा फूट दूर ठेवावी.’

मास्तरांनी सगळं दोनदा वाचलं आणि खाली सही केली. ‘वस्तू मिळाली. अवस्था बरी.’

घरी सासूबाई वाटच पाहत होत्या. वय ब्याऐंशी, कान शाबूत, जीभ त्याहून शाबूत.

‘म्हणजे हिनं शेगडीकडे फिरकायचं नाही?’

‘दहा फूट, आई,’ मास्तर म्हणाले. त्यांनी शाळेची टेप आणून स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापासून मोजलंही. दहा फूट बरोबर बाहेरच्या खोलीतल्या आरामखुर्चीपाशी संपले.

‘सही वाचून केलीस?’

‘वाचून. दोनदा.’

‘मग भोग आता.’

मास्तर भोगू लागले. पहिल्या आठवड्यात त्यांनी बटाट्याचे इतके बिनचूक घन कापले की शिजायला टाकायचं त्यांच्या जिवावर आलं. दुसऱ्या आठवड्यात कढई जळाली. सासूबाईंनी नाकाला पदर लावून जाहीर केलं, की या वयात आपल्याला उपाशी मारायचा हा सरकारी कट आहे. कापूसबाईचा जीव आरामखुर्चीत वरखाली होई. दोनदा ती उठलीही. पण मास्तर शब्दाचे पक्के. ‘वस्तू जागेवर ठेवा,’ ते आतून म्हणायचे, आणि ती पुन्हा बसायची. हळूहळू बसायची सवय झाली. मग आवड झाली.

रोज सकाळी परत आलेल्या वस्तूची तपासणी करून शेरा लिहायचा असे. तेही कामच तिचं. ती आरशासमोर भिंग घेऊन उभी राही आणि खरं तेच लिही. खोटा शेरा तिनं उभ्या आयुष्यात लिहिला नव्हता. पहिल्या महिन्यात: ‘वस्तू कोरडी. खांद्यांच्या सांध्यांवर जुना ताण.’ तिसऱ्या महिन्यात: ‘ताण कमी. पृष्ठभागाला तेज आलेले दिसते. कारण अज्ञात.’

दिवसातले दोन तास तिला दालनात दोरीच्या आत बसावं लागे. ती तिथं काडी-कापूस घेऊन बसे आणि हातातलं काम करत राही. लोक येत, पाटी वाचत, तिच्याकडे बघत. एक गृहस्थ बायकोला म्हणाले, ‘हात बघ, अगदी खरे वाटतात.’ एक शाळामास्तरीण मुलांना सांगू लागली, की पूर्वीच्या बायका अशा कामं करत. कापूसबाईनं मान वर केली तेव्हा चार मुलं किंचाळली आणि पाचव्यानं विचारलं, आणखी काय काय करते? एक थकलेली बाई मात्र दोरीपाशी बराच वेळ थांबली, उसासा टाकून पुटपुटली, ‘बसायला मिळतंय,’ आणि पुढे गेली.

आणि मग एका दुपारी असं झालं. रजिस्टरवाल्या काकांच्या खोलीत ती काही विचारायला गेली होती. पंखा भरात होता आणि रजिस्टराची पानं फडफडत होती. काकांनी टेबलावरचं एक काळपट ढेकूळ उचलून पानांवर ठेवलं. शाई पिऊन पिऊन ते ढेकूळ डांबरासारखं झालं होतं.

‘हे काय हो, काका?’

‘वजन. मी लागलो तेव्हापासून इथंच आहे. माझ्या आधीच्यांनाही हेच होतं.’

मळ दिसला की कापूसबाईचे हात शिवशिवत. बोलता बोलता तिनं खिशातली काडी काढली, जिभेला लावली आणि ढेकळावर फिरवली. कापूस निळा झाला. दुसरा झाला, तिसरा झाला. सातव्या काडीला गव्हाळ माती दिसली. बाराव्या काडीला नाक आलं. नाकाला किंचित धक्का होता.

कापूसबाईनं ते उजेडात धरलं. भाजल्या मातीची, चार बोटं उंचीची, मांडी घालून बसलेली बाई. ज्या रजिस्टरात तिची नोंद होती, ते उघडं राहावं म्हणून तीस वर्षं काका तिलाच त्यावर ठेवत होते. कापूसबाईनं मूर्ती उलटी केली. पाठीवर ती घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा ठसा होता. बाईचाच असावा इतका लहान. हातमोजा घालून तिनं आपला अंगठा त्या खळग्यापाशी धरून पाहिला. निदान दोन हजार वर्षांपूर्वी कुणीतरी ओल्या मातीला असा अंगठा टेकवला होता, आणि नंतर कुणीही हिला नीट पुसलंसुद्धा नव्हतं.

सांगावं की न सांगावं? सांगितलं तर आरामखुर्ची गेली, दहा फूट गेले, आठ तासांचा अंधार गेला. हा विचार तिच्या मनात आला, हे खरंच आहे. जिन्यावर ती दोन मिनिटं थांबलीही. मग वर जाऊन तिनं मूर्ती साहेबांच्या टेबलावर ठेवली.

साहेब आनंदतील असं तिला वाटलं होतं. साहेबांचा चेहरा पांढराफटक पडला.

‘बाई, हे काय करून ठेवलंत! कमी निघालं तर चौकशी असते. जास्त निघालं तर फौजदारी असते! आता ही कुणाची म्हणून सांगू?’

तपासनीसांना बोलावणं गेलं. ते आले, त्यांनी मूर्ती पाहिली, कापूसबाईला पाहिलं, नोंद मोठ्यानं वाचली. ‘एका नोंदीच्या दोन वस्तू निघाल्या तर आधी पडताळलेली ती अस्सल. मागाहून सापडली ती नक्कल. नियम स्पष्ट आहे.’ आणि मूर्तीकडे बोट करून म्हणाले, ‘लिहा. यांची प्रतिकृती. छोटी.’

‘दोन हजार वर्षांपूर्वी माझी प्रतिकृती कोण करणार?’

‘ते तुमच्या विभागानं शोधायचं.’

कापूसबाईच्या तळपायाची आग मस्तकाला गेली. सात महिने स्टुलावर बसवलं तेव्हा ती बोलली नव्हती. टाचेवर आकडा घातला तेव्हा बोलली नव्हती. पण आता तिचा आवाज असा चढला की खाली पहारेकरी उठून उभा राहिला. ‘मला काय म्हणायचं ते म्हणा! पण हिला नक्कल म्हणाल तर याद राखा. ही नक्कल नाही. नक्कल मी आहे!’

‘तसं लेखी द्या,’ तपासनीस शांतपणे म्हणाले. ‘पुराव्यासह.’

तिनं दिलं. अकरा पानी अहवाल, स्वतःविरुद्ध. साहित्य अलीकडचं. दोन दाढांत नंतर केलेली भरणी. डावा घोटा एकदा मोडून पुन्हा जुळवलेला. केसांचा रंग मूळचा नसून दर महिन्याला वरून लावलेला. नाकाची खोच प्राचीन नसून झोपाळ्याची. सोबत शाळा सोडल्याचा दाखला. तपासनीसांनी सगळं वाचलं, पण त्यांचं समाधान होईना. वस्तू संग्रहालयात येण्यापूर्वी ज्यानं पाहिली आहे अशा माणसाची स्वतंत्र साक्ष हवी होती.

सासूबाई रिक्षातून आल्या. नेसूची चांगली साडी, हातात काठी. साहेबांच्या समोरची खुर्ची त्यांनी स्वतःच ओढून घेतली.

‘या वस्तूला आपण कधीपासून ओळखता?’ तपासनीसांनी विचारलं.

‘अठ्ठावीस वर्षं. बघायला गेलो तेव्हापासून.’

‘तेव्हा अवस्था कशी होती?’

‘बरी होती. जरा बारीक होती.’

‘आपल्या मते ही प्राचीन आहे का?’

सासूबाईंनी सुनेकडे नीट पाहिलं. इतकं नीट त्यांनी तिला बघायच्या कार्यक्रमातही पाहिलं नव्हतं.

‘छे हो. त्रेपन्न वर्षांची आहे. जुनी दिसते ती वापरामुळे. आम्ही वापर फार केला.’

तपासनीसांनी ते वाक्य जसंच्या तसं उतरवून घेतलं. कापूसबाई खिशातल्या काडीला उगाच कापूस गुंडाळत राहिली. गुंडाळून झाला तरी गुंडाळत राहिली.

निकाल लागला. एक हजार सेहेचाळीस क्रमांकावर मातीची बाई बसली. कापूसबाई बनावट ठरली आणि रजिस्टरातून बाद झाली. पण बनावट वस्तू ज्याच्याकडून आली त्याला परत करायची असते. कुणाकडून आली?

‘हिच्या आईवडिलांनी आम्हाला दिली,’ सासूबाई म्हणाल्या. ‘ते आता नाहीत. तेव्हा माझ्याकडेच द्या.’

त्यांनी सही केली. ‘मिळाली’ असं लिहिलं. अवस्थेच्या रकान्यापाशी बराच वेळ पेन धरून बसल्या आणि तो त्यांनी कोराच सोडला.

सोमवारी हजेरीपट पुन्हा पुढे सरकला. मातीच्या बाईला वरच्या दालनात काचेची पेटी मिळाली, खाली मऊ बैठक, वरून बेताचा उजेड. पाटी कापूसबाईनं लिहिली. घडवणाऱ्याच्या अंगठ्याचा उल्लेख हवा, म्हणून ती साहेबांशी दोन दिवस भांडली आणि जिंकली.

त्या सोमवारी घरी येऊन ती सवयीनं पदर खोचून स्वयंपाकघरात शिरली, तर मास्तर भाजी हलवत होते. ते वळलेही नाहीत. ‘मिठाचा अंदाज मला आत्ता कुठं बसलाय,’ ते म्हणाले. ‘तू मधे येऊ नकोस. आता अट नाही हे ठाऊक आहे मला.’ मग दोघांनी वाटून घेतलं. सम तारखा त्यांच्या, विषम हिच्या. एकतीस तारखेवरून अजून वाद आहे.

पुढच्या रविवारी सकाळी सासूबाई खिडकीपाशी खाटेवर आडव्या झाल्या आणि त्यांनी सुनेला हाक मारली.

‘ती तुझी बॅटरी आण. आणि भिंग.’

‘काय झालं, आई?’

‘माझाही शेरा लिही. त्या मडक्याच्या बाईवर चार पानं लिहिलीस म्हणे. मी काय तिच्यापेक्षा कमी जुनी आहे?’

कापूसबाईनं आधी हसण्यावारी नेलं, पण म्हातारीनं डोळे मिटून हात अंगालगत ठेवले होते. वस्तू तयार होती. तेव्हा तिनं वही आणली, हात धुतले, आणि डोक्यापासून सुरुवात केली. कपाळावरच्या रेषा मोजल्या. कानाच्या पाळीचं ओघळलेलं भोक पाहिलं. मनगटाजवळ भाजल्याचा एक जुना, पांढरा पडलेला डाग होता. अठ्ठावीस वर्षं एका घरात राहून तिनं तो कधी पाहिला नव्हता.

‘हा कधीचा?’

‘मी सून होते तेव्हाचा,’ सासूबाई डोळे न उघडता म्हणाल्या. ‘लिही.’

तिनं लिहिलं. मग गुडघ्यापाशी आली. सूज बोटांनी हलकेच चाचपली, भिंगातून पाहिली, आणि लिहिता लिहिता मोठ्यानं वाचू लागली, ‘उजवा गुडघा. किरकोळ...’

‘किरकोळ खोड,’ सासूबाई म्हणाल्या. ‘दुखतो मला. चांगला दुखतो.’

कापूसबाईनं किरकोळ खोडलं.